शंकूची सावली आणि उज्जयिनीचे विद्यार्थी

उज्जैन शहराच्या दक्षिणेस, क्षिप्रेच्या काठाजवळ, जयसिंगपुरा नावाची वस्ती आहे. तेथील वेधशाळेत शाळांचे विद्यार्थी नेहमी येत असतात. चौदा-पंधरा वर्षांची ही मुले सम्राटयंत्राच्या चिरेबंदी भिंतीपाशी थांबतात आणि तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या वर्तुळपादांवर सरकणारी सावली पाहतात. सावलीवरून वेळ वाचून झाली की पुढची क्रिया ठरलेली असते. खिशातला मोबाइल बाहेर येतो आणि दोन्ही वेळा ताडून पाहिल्या जातात. त्या जुळत नाहीत. अर्ध्या तासाच्या आसपास अंतर पडते. कधी ते दहा-अकरा मिनिटांवर येते, तर कधी चाळीस मिनिटांच्याही पुढे जाते. तीनशे वर्षांचे यंत्र चुकले असावे, असा निकाल बहुतेक मुले तत्काळ देऊन टाकतात.

यंत्र चुकलेले नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखावृत्ताची आहे आणि उज्जैनचे रेखावृत्त ७५ अंश ४६ कला आहे. त्यामुळे उज्जैनचा मध्यान्ह प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागून येतो. त्यात सूर्याची वार्षिक गती एकसारखी नसल्याने कधी सोळा मिनिटे वजा होतात, तर कधी चौदा मिनिटांची भर पडते. मोबाइलवरील वेळ ही राष्ट्राने सोयीसाठी मानलेली वेळ आहे आणि सम्राटयंत्रावरील वेळ ही त्या स्थळी प्रत्यक्ष दिसणाऱ्या सूर्याची. दोन्ही खऱ्या आहेत. त्या वेगळ्या का, हा प्रश्न ज्या मुलाच्या मनात उभा राहिला त्याचे शिक्षण तेथेच सुरू झाले असे समजावे. कुमारवयातील विद्यार्थ्याने ज्ञान कोणत्या साधनाने मिळवावे, हा वाद आज नव्याने निघाल्यासारखा वाटतो. परंतु उज्जयिनीत तो फार जुना आहे.

प्राचीन ज्योतिषांनी आपले मध्यरेखावृत्त लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाते असे मानले. कोणत्याही गावचे पंचांग करायचे तर ते गाव उज्जयिनीच्या रेषेपासून किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे हे आधी पाहावे लागे. त्या काळचा विद्यार्थी सूत्रे मुखोद्गत करी. पाठांतर हेच त्याचे पुस्तक आणि तोच त्याचा ग्रंथसंग्रह. परंतु त्याच्यापुढे साधनेही होती. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर ठेवीत. ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटिका झाली. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मध्ये शंकू रोवीत आणि सकाळ-संध्याकाळ सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करी त्या दोन बिंदूंवरून पूर्व-पश्चिम दिशा काढीत. हे करावयास खर्च काहीच नव्हता. भास्कराचार्यांनी आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात अनेक यंत्रे वर्णिली आणि अखेरीस ज्या यंत्राची सर्वाधिक प्रशंसा केली ते होते धीयंत्र, म्हणजे साधी काठी आणि तिच्यामागे बुद्धी. हातात काठी धरून तिच्या अग्रावरून व मूळावरून दृष्टी लावली तर उंची, अंतर आणि ताऱ्यांचे स्थान काढता येते, असा त्यांचा आशय आहे.

पुढे मात्र काठी मागे पडली आणि कोष्टक पुढे आले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० सालच्या आरंभवर्षाचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्या वेळी ते स्वतःच कुमारवयाचे होते असे मानले जाते. या ग्रंथाची करामत अशी की त्यात ज्यांचे, म्हणजे भुजकोटीच्या कोष्टकांचे, काम न पडता ग्रहांची स्थाने सोप्या अंकगणिताने निघत. महाराष्ट्रातच नव्हे तर माळवा, गुजरात आणि उत्तरेतही ग्रहलाघव घरोघर गेला. ज्याला त्रिकोणमितीचा गंध नाही असा पोरही त्याच्या आधाराने पंचांग करू लागला. गणेश दैवज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. ते स्वतः समुद्रकाठी उभे राहून वेध घेणाऱ्यांच्या घराण्यातले होते. परंतु सोपे साधन हाती आल्यावर त्याच्यामागचे कारण शोधण्याची गरज शिष्यांना उरली नाही. गणित बसत राहिले आणि आकाशातील ग्रह हळूहळू गणितापासून दूर सरकत गेले. साडेतीनशे वर्षांनी केरो लक्ष्मण छत्रे यांना नवी कोष्टके करावी लागली, ती १८६० साली.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आंबेरच्या सवाई जयसिंगाला हाच विसंवाद खटकला. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि मध्य हलतो, म्हणून त्याने चुना-दगडाची प्रचंड यंत्रे दिल्लीस उभारली आणि तेथील वेध पडताळून पाहण्यासाठी जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन येथेही वेधशाळा बांधल्या. माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे होती, म्हणून उज्जैनची निवड सोयीची होती आणि मध्यरेखेमुळे मानाचीही. त्याच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित मानले जातात. त्यांनी अरबी भाषा शिकून युक्लिडचे भूमितिग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने संस्कृतात आणला. जयसिंगाने पोर्तुगालकडे शिष्टमंडळ पाठवून यूरोपातील नवी कोष्टकेही मागविली आणि ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. राजा, मुल्ला, पाद्री आणि पंडित एका सावलीचे माप घेण्यासाठी एकत्र आले, असा योग आपल्या इतिहासात विरळा.

जयसिंग १७४३ मध्ये वारला. माळवा तोपर्यंत मराठ्यांच्या ताब्यात आला होता आणि उज्जैन ही शिंद्यांची राजधानी झाली. या ठिकाणी इतिहासातील एक लहानसा प्रसंग घडला, आणि मराठी वाचकाने तो विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

१७९२ साली शिंद्यांकडील इंग्रज वकिलाबरोबर विल्यम हंटर नावाचा एक डॉक्टर आग्र्याहून उज्जैनला आला. त्याला ज्योतिषाची आवड होती. जयसिंगाच्या वेधशाळांवर त्याने लिहिलेला निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यात त्याने उज्जैन येथे भेटलेल्या एका तरुण पंडिताची हकीकत दिली आहे. हा तरुण जयसिंगाच्या प्रमुख सहकाऱ्यांपैकी एकाचा नातू. आजोबांना ‘ज्योतिषराय’ ही पदवी आणि वार्षिक पाच हजार रुपयांची जहागीर होती. पदवी नातवाकडे आली, जहागीरही कागदोपत्री आली. परंतु मराठ्यांच्या वसुलीने तिचे उत्पन्न पार खालावले होते, असे हंटर लिहितो. परकी माणसाचे म्हणणे म्हणून ते बाजूला सारता येईल. पण त्या काळातील माळव्याची स्थिती जाणणारा ते सहसा नाकारणार नाही.

या तरुणाचे ज्ञान कसे होते? सिद्धान्तग्रंथांतील रीती त्याला नुसत्या पाठ नव्हत्या. त्या रीतींच्या मागील भूमितीच्या उपपत्ती त्याला कळत होत्या. त्याच्या घरी हंटरने संस्कृतात उतरविलेला युक्लिड पाहिला. समतल आणि गोलीय त्रिकोणमितीवरील, तसेच लॉगरिथम कसे तयार करावे व वापरावे यावरील प्रकरणे त्याला जोडलेली होती. सात स्थळांपर्यंत आकडे दिलेले लॉगरिथमचे कोष्टक होते. शांकवांवरील एक ग्रंथही होता. पेशवाईच्या अखेरच्या दशकांत, उज्जैनच्या एका विपन्न घरात, एक तरुण संस्कृतातून लॉगरिथम शिकत होता! यूरोपीय विद्या कोठे वरचढ आहे हे मान्य करण्याइतके त्याचे मन मोकळे होते, असेही हंटर सांगतो. एकमेकांशी बोलताना दोघांनाही आनंद झाला असला पाहिजे.

हंटर उज्जैनहून गेल्यानंतर थोड्याच काळात तो तरुण जयपुरास मरण पावला. त्याच्याबरोबर जयसिंगाची प्रतिभाही संपली, असा हंटरचा अभिप्राय आहे. त्या तरुणाचे नावदेखील हंटरने दिलेले नाही. पाऊण शतकापूर्वी बांधलेली यंत्रे अद्याप उभी होती, ग्रंथ घरात होते, शिकणारा होता. नव्हते ते एवढेच की त्याने शिकावे व दुसऱ्या चार मुलांना शिकवावे यासाठी लागणारी भाकरी. ज्या दरबाराने फ्रेंच सेनानी नेमून तोफा ओतविल्या आणि पलटणी उभ्या केल्या, त्याच दरबाराच्या राजधानीत हे घडले. साधने असली म्हणजे विद्या टिकते, या समजुतीला उज्जैनचा हा प्रसंग छेद देतो.

यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, उज्जैनपासून फार लांब नसलेल्या सिहोर गावी या कथेला निराळे वळण लागले. भोपाळचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याने तेथील शाळेत एक प्रयोग चालविला. पृथ्वी गोल आहे हे हिंदी मुलांना इंग्रजी पुस्तकातून सांगण्यापेक्षा भास्कराचार्यांच्या सिद्धान्तातूनच पटवावे आणि तेथून कोपर्निकसाकडे न्यावे, असे त्याचे मत होते. १८३४ साली त्याने ते छापूनही काढले. सुबाजी बापू हे मराठी शास्त्री त्याचे उजवे हात होते. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ १८३६ सालचा आहे. १८३८ मध्ये विल्किन्सनला नागपुरात एक सतरा वर्षांचा मुलगा भेटला. मराठी शाळेत अंकगणित आणि ढुंढिराज मिश्र यांच्यापाशी लीलावती व बीजगणित तो शिकला होता. विल्किन्सनने त्याला सिहोरास आणले. तेथे सेवाराम पंडितांकडे सिद्धान्त आणि खुद्द विल्किन्सनकडे युक्लिड, असे त्याचे शिक्षण झाले. हेच पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेतील बापूदेव शास्त्री. सूर्यसिद्धान्ताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली निघाले आणि १८८७ मध्ये ते महामहोपाध्याय झाले. उज्जैनचा निनावी तरुण आणि नागपूरचा हा मुलगा यांच्या बुद्धीत फारसे अंतर असेल असे वाटत नाही. अंतर पडले ते योग्य वयात योग्य माणूस भेटण्याचे.

जयसिंगपुऱ्यातील यंत्रे मधल्या काळात ढासळत राहिली. १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला आणि शिंद्यांच्या हातून पूर्वी झालेल्या उपेक्षेची काही अंशी भरपाई झाली. या वेधशाळेस पुढे ‘श्रीजिवाजी वेधशाळा’ हे नाव मिळाले. तिचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे ‘सर्वानंदकरण’ या ग्रंथाचे कर्ते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३७ मध्ये तेथे शंकुयंत्र बांधले गेले. आडव्या गोल चौथऱ्याच्या मध्यभागी उभा शंकू आणि जमिनीवर सात रेषा, एवढेच ते यंत्र. २२ डिसेंबरला सावलीचे टोक सर्वांत दूरच्या वक्र रेषेवरून जाते, विषुवदिनी ते मधल्या सरळ रेषेवरून धावते आणि जूनमध्ये शंकूच्या पायथ्याशी येते. शाळकरी मुलाला ऋतू का होतात हे समजावून देण्यास यापेक्षा सोपे साधन सापडणे कठीण. सम्राटयंत्र पाहून मुले थक्क होतात. शंकुयंत्रापाशी ती बसतात, खडूने खूण करतात, पुन्हा येऊन पाहतात. या दोहोंतील फरक शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४२ पासून वेधशाळेने दृश्यग्रहस्थितीचे पंचांगही काढण्यास आरंभ केला.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी जे मध्यवर्ती स्थान ठरविले, त्याचे रेखावृत्त प्रमाणवेळेचे घेतले तरी अक्षांश मात्र २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचाच ठेवला. त्याच सुमारास, २२ मे १९५५ रोजी, इंदूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि माळव्यातील मुलांच्या घरात माहितीचे एक नवे दार उघडले. रेडिओ सांगतो पुष्कळ, पण त्याला उलट विचारता येत नाही, ही त्याची मर्यादा.

ती मर्यादा अगदी साध्या साधनाने ओलांडली गेली. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने चालविला आणि उज्जैनसह मध्यप्रदेशातील इतर जिल्ह्यांच्या काही शाळांतही तो पोहोचला. सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावेत, परीक्षेत पुस्तक उघडून पाहावे, अशी त्याची रीत होती. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात काठी रोवून दिवसभर तिच्या सावलीचे टोक आखण्याचा पाठ होता. भास्कराचार्यांची काठी आठशे वर्षांनी सरकारी शाळेच्या अंगणात परत आली. यात आणखी एक योजना होती. मुलांनी ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्र घालून हवा तो प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर पाठवावे. किशोरवयातील मुलांना काय जाणून घ्यावेसे वाटते, याचा अंदाज त्या पत्रांतून येतो तसा कोणत्याही अभ्यासक्रमातून येत नाही. शिक्षकांना विचारावयास जे प्रश्न धजत नाहीत, ते दूरच्या अनोळखी मित्राला सहज लिहिले जातात. २००२ साली राज्य सरकारने हा उपक्रम बंद केला. परीक्षेचे निकाल आणि पालकांची धास्ती यांची कारणे पुढे करण्यात आली. त्या निर्णयावर तेव्हा बरेच शास्त्रज्ञ नाराज झाले आणि ती नाराजी अस्थानी नव्हती.

पुढची गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मध्यप्रदेशात धडे व्हॉट्सॲपच्या गटांवरून पाठविले जाऊ लागले आणि ज्या घरी तसा फोन नव्हता तेथे आकाशवाणीवरील ‘रेडिओ स्कूल’ ऐकले जाऊ लागले. २०२३ साली ग्रामीण भारतातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची ‘असर’ पाहणी झाली. तीत सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु तो वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के. शंकू, यंत्र, ग्रंथ आणि गुरू यांच्या या दीर्घ इतिहासात उज्जैनच्या मुलीचा उल्लेख आतापर्यंत एकदाही आला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. सावली पाहावयास परवानगी लागत नाही. अंगणात काठी रोवावयासही लागत नाही. फोनला मात्र लागते, आणि तो घरात पहिल्याने कोणाच्या हाती जातो हे आकडे सांगतात.

फोन आकाशाकडे धरला की ताऱ्यांची नावे पडद्यावर उमटतात. दिवसाउजेडी, ढगांआड, पायाखालचेदेखील तारे त्यावर दिसतात. मुलांना हे साधन प्रिय आहे आणि त्यात काही वावगे नाही. ज्योतिषरायाच्या नातवाला ते मिळते तर त्याने ते सोडले नसते. फक्त तो त्याची उपपत्ती विचारल्यावाचून राहिला नसता. ग्रहलाघवाचा जो गुण तोच फोनचा, आणि धोकाही तोच.

याची परीक्षा घेण्यास उज्जैनइतकी सोयीची जागा नाही. उज्जैन कर्कवृत्तावर आहे, निदान प्राचीन काळी होते, असे फोनवर शोधणाऱ्यास ठिकठिकाणी वाचावयास मिळते. वेधशाळेत दरवर्षी २१ जूनला शंकूची सावली नाहीशी होताना मुलांना दाखवितात, त्यामुळे ती समजूत आणखी पक्की होते. वास्तविक कर्कवृत्त आज २३ अंश २६ कलांवर, वेधशाळेच्या उत्तरेस सुमारे २८ किलोमीटरवर, डोंगला गावाच्या बाजूने जाते. ते वर्षाला चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकत आहे, म्हणजे विक्रमादित्याच्या काळी ते आजच्याहूनही दूर होते आणि उज्जैनला पोहोचावयास त्याला अजून सुमारे एकोणीसशे वर्षे लागतील. सिद्धान्तकारांनी सूर्याची परमक्रांती २४ अंश धरली आणि उज्जयिनीचा अक्षांशही तेवढाच मानला, त्यातून हा समज रूढ झाला असावा. २१ जूनला माध्यान्ही हातभर काठीची सावली तिच्या जाडीतच लपते, म्हणून ती नाहीशी झाल्यासारखी दिसते. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो त्या आधी आठवडाभर, १३ जूनच्या सुमारास, आणि परत फिरताना ३० जूनच्या सुमारास.

शंकू हे दाखवू शकत नाही, परंतु थोड्या पावलांवर असलेले भित्तियंत्र दाखवू शकते. दक्षिणोत्तर उभ्या त्या भिंतीवर सूर्य मध्यान्ही खस्वस्तिकापासून किती अंशांवर आहे हे वाचता येते. जूनमध्ये कित्येकदा ढग येतात आणि सगळा बेत फसतो. मग वर्षभर थांबावे लागते. आकाश मोकळे असले तर २१ जूनला, फोनवर १२ वाजून २८ मिनिटे झालेली असताना, सूर्य डोक्यावरच्या बिंदूच्या पाव अंश उत्तरेला गेलेला तेथे पाहावयास मिळतो.